भाडेकरार ऑनलाइन नोंदवताना तुमचं आधार, अंगठा आणि पत्ता कुठे कुठे जातो

"दादा, आधारचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू का?"

पुण्यात नव्यानं आलेल्या भाडेकरूचा मला येणारा पहिला मेसेज बहुतेक वेळा हाच असतो. मी उत्तर देईपर्यंत फोटो येऊनही पडलेले असतात. आधारची पुढची बाजू, मागची बाजू, पॅन, कंपनीचं ओळखपत्र आणि कुणीही न मागितलेली पगाराची स्लिप.

मी भाडेकरारांच्या ऑनलाइन नोंदणीचं काम करतो. बॅगेत लॅपटॉप, अंगठ्याचं मशीन आणि वेबकॅम घेऊन संध्याकाळी सातनंतर बाहेर पडायचं. वाकड, खराडी, धायरी, कोथरूड, जिथून बोलावणं येईल तिथे जायचं, मालक आणि भाडेकरूचे थंब घ्यायचे आणि दस्त (म्हणजे करार) दुय्यम निबंधकांकडे, सब-रजिस्ट्रारकडे, पाठवायचा. इतक्या घरांत बसून एक गोष्ट मला पक्की कळली आहे. सरकारी पोर्टल जेवढी माहिती मागतं, त्याहून कितीतरी जास्त माहिती लोक पोर्टलपर्यंत पोचायच्या वाटेवर वाटून टाकतात. लातूर, नांदेड, जळगावहून नोकरीला किंवा शिकायला आलेल्या आणि आयुष्यातला पहिला करार करणाऱ्या मुलामुलींसाठी ही वाट मी पायरीपायरीनं लिहितो आहे.

सुरुवात करण्याआधी

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा) करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो. ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळे "नोटरी करून टाकू, रजिस्टर कशाला" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

ऑनलाइन नोंदणी होते ती नोंदणी व मुद्रांक विभागाच्या पोर्टलवर. या विभागाचं राज्याचं मुख्य कार्यालय पुण्यातच, कौन्सिल हॉलसमोर आहे. पोर्टलचा पत्ता टाइप करताना शेवटी 'गव्ह डॉट इन' आहे ना, एवढं बघा. गुगलवर शोधलं की जाहिरात म्हणून वर येणाऱ्या बऱ्याच साइट खासगी सेवा देणाऱ्यांच्या असतात. त्या बेकायदा असतातच असं नाही, पण तिथे भरलेली माहिती आधी त्यांच्याकडे जाते आणि मग सरकारकडे.

आधार वापरायचं नसेल तर दुसरा रस्ताही आहे. दुय्यम निबंधक कार्यालयात स्वतः हजर राहून, दुसरं ओळखपत्र आणि ओळख पटवणारी माणसं सोबत घेऊन दस्त नोंदवता येतो. अर्धा दिवस जातो, पण हा पर्याय आहे. "आधारशिवाय होतच नाही" हे ऑनलाइन पद्धतीपुरतं ठीक आहे, नोंदणीच्या कायद्याला ते लागू नाही.

पहिली पायरी : कुणाला काय द्यायचं

फ्लॅट बघायला गेल्यावर ब्रोकरला आधार द्यायचं काहीच कारण नाही. नाव, फोन, कुठे काम करता, किती जण राहणार, एवढ्यावर फ्लॅट दाखवता येतो. मालकाला भाडेकरू कोण आहे हे कळायला हवं, ते रास्त आहे. त्याला मास्क्ड आधार द्या.

मास्क्ड आधार म्हणजे बारापैकी पहिले आठ आकडे झाकलेलं आणि शेवटचे चारच दिसणारं आधार. मायआधार साइटवर लॉगिन करून डाउनलोड करताना तसा पर्याय निवडता येतो. ती पीडीएफ पासवर्डनं उघडते, आणि पासवर्ड काय असतो ते सगळ्यांना माहीत आहे: नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मवर्ष. म्हणून पासवर्ड आहे या भरवशावर पूर्ण आधार कुणाला पाठवू नका. ज्याला तुमचं नाव आणि वय माहीत आहे त्याला ते कुलूप उघडं आहे.

झेरॉक्स द्यावी लागलीच तर तिच्यावर आडवं लिहा: 'फक्त अमुक फ्लॅटच्या भाडेकरारासाठी', खाली तारीख आणि सही. मजकूर फोटोवरून आणि नंबरवरून गेला पाहिजे, कडेला नको. कोपऱ्यात लिहिलेलं कापून टाकता येतं.

आणि पगाराची स्लिप. पोर्टलच्या फॉर्ममध्ये पगाराचा रकानाच नाही. मालकाला भाडं वेळेवर मिळेल का याची काळजी असते, म्हणून ती मागितली जाते. दाखवायची तर फोनवर दाखवा आणि फोन परत खिशात ठेवा.

मालकाचीही बाजू आहे. वर्षाचं भाडं एक लाखावर गेलं की एचआरए, म्हणजे पगारातल्या घरभाडे भत्त्यावरची करसवलत, घेताना भाडेकरूला मालकाचा पॅन ऑफिसात द्यावा लागतो. म्हणजे मालकाची माहितीही तुमच्या हातात येते. ती रूममेटच्या ग्रुपवर टाकू नका.

दुसरी पायरी : डेटा एंट्री आणि ड्राफ्ट

पोर्टलवर मिळकतीचा तपशील (जिल्हा, तालुका, मौजे, फ्लॅट क्रमांक), मग दोन्ही पक्षकारांची नावं, वय, व्यवसाय, पत्ता, पॅन आणि आधार, नंतर भाडं, डिपॉझिट, मुदत आणि अटी भरल्या जातात. सुरुवातीलाच एक डेटा एंट्री क्रमांक मिळतो आणि पासवर्ड ठेवायला सांगतात. हे दोन्ही ज्याच्याकडे आहे तो तुमचा ड्राफ्ट उघडून वाचू शकतो. तुम्ही स्वतः भरत असाल तर बरा पासवर्ड ठेवा. एजंट भरत असेल तर नंबर आणि पासवर्ड त्याच्याकडून मागून घ्या. ड्राफ्ट तुमचा आहे.

थंब देण्याआधी ड्राफ्ट पूर्ण वाचा. "वाचलं, ठीक आहे" असं न वाचता म्हणणारे मी रोज बघतो. फ्लॅट ३०४ चा ४०३ होतो, आडनावाचं स्पेलिंग आधारपेक्षा वेगळं पडतं, कायमचा पत्ता म्हणून जुन्या हॉस्टेलचा पत्ता राहतो. दोन्हीकडचे थंब होऊन दस्त नोंदला गेला की तो खोडता येत नाही. मग चूकदुरुस्तीचा वेगळा दस्त करावा लागतो, पुन्हा तेच अंगठे, तीच धावपळ.

मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी सरकारच्या ग्रास या ऑनलाइन पैसे भरण्याच्या प्रणालीतून भरली जाते. महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार रुपये आहे. चलनावर जीआरएन, म्हणजे पैसे भरल्याचा सरकारी क्रमांक, असतो, तो जपून ठेवा. सरकारची फी किती आणि एजंटची किती, हे त्या चलनावरूनच कळतं.

तिसरी पायरी : थंब

मागच्या पावसाळ्यात वारज्याला एका आजींचा थंब घ्यायला गेलो होतो. फ्लॅट त्यांच्या नावावर होता. उजवा अंगठा ठेवला, लाल दिवा लागला, स्क्रीनवर ३००. पुन्हा ठेवला, पुन्हा ३००. ३०० म्हणजे ठसा जुळला नाही. "अहो, भांडी घासून घासून रेघाच गेल्यात माझ्या," आजी म्हणाल्या. पदरानं हात पुसला, आम्ही तर्जनी लावून पाहिली, मग मधलं बोट. चौथ्या वेळी जुळलं. समोर बसलेली भाडेकरू मुलगी हे सगळं बघत होती. तिनं विचारलं, "दादा, मग हे मशीन आजींचा ठसा साठवून ठेवतं का?"

असा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. उत्तर असं आहे. आधारच्या पडताळणीसाठी घेतलेला ठसा नोंदणीकृत मशीनच्या आतच सांकेतिक रूपात बंद होतो आणि आधार प्राधिकरणाच्या सर्व्हरकडे जातो. तिथून जुळलं की नाही याचं उत्तर येतं. ई-केवायसी (आधारवरून ओळखीचा तपशील मागवणं) असेल तर सोबत नाव, पत्ता, जन्मतारीख, लिंग आणि फोटोही येतो. हा ठसा साठवून ठेवायला किंवा कुणाला द्यायला २०१६ च्या आधार कायद्यानं मनाई केलेली आहे. माझ्या लॅपटॉपवर तो उरत नाही.

पण नोंदलेल्या दस्ताच्या शेवटच्या पानांवर पक्षकारांचा फोटो येतो, आणि कित्येक दस्तांवर अंगठ्याचा ठसाही छापलेला दिसतो. तो कागदावरचा ठसा आहे, त्याला आधारच्या सर्व्हरमधलं कुलूप नाही. देशात काही ठिकाणी चोरांनी नोंदणीच्या दस्तांवरचे ठसे उचलले, त्यांचे सिलिकॉनचे साचे केले आणि आधारवर चालणाऱ्या बँक व्यवहारातून पैसे काढले. त्या व्यवहाराला ओटीपी लागत नाही. बँकेचं नाव, आधार क्रमांक आणि बोट, एवढ्यावर काम होतं. २०२३ पासून आधार प्राधिकरणानं बोट जिवंत माणसाचं आहे की साचा आहे हे तपासणारी पद्धत आणली, त्यानं फरक पडला. तरी आपल्या हातात असलेलं कुलूप आपण लावायला हवं.

ते कुलूप म्हणजे बायोमेट्रिक लॉक. मायआधारवर किंवा एमआधार अ‍ॅपमध्ये ते लावता येतं. लॉक असताना कुणी तुमच्या बोटानं पडताळणी करायला गेलं तर ३३० हा कोड येतो आणि काम तिथेच थांबतं. माझ्याकडे ज्या दिवशी थंब द्यायचा त्या दिवशी लॉक थोड्या वेळापुरता उघडायचा, थंब झाला की पुन्हा बंद. कुणाच्या थंबला ३३० आला की माझी दहा मिनिटं जास्त जातात, पण मला मनापासून बरं वाटतं.

थंब देताना मशीन एजंटच्या हातात असलं तरी स्क्रीन तुमच्याकडे वळवून घ्या. कोणत्या दस्तासाठी पडताळणी चालली आहे ते वाचा. आधार कशासाठी वापरतोय हे सांगणं आणि तुमची संमती घेणं कायद्यानं बंधनकारक आहे, त्यामुळे विचारायला संकोच नको. तीन वेळा बोट ठेवायला लावलं तर तीन वेळा निकाल काय आला तेही विचारा. साक्षीदार घेतले असतील तर हे सगळं त्यांनाही लागू आहे. ओळखीतला मित्र केवळ भिडेखातर अंगठा द्यायला बसतो, त्याला आधी समजावून सांगा.

घरी गेल्यावर, किंवा दुसऱ्या दिवशी, मायआधारवर 'ऑथेंटिकेशन हिस्टरी' उघडा. गेल्या सहा महिन्यांत तुमचं आधार कुणी, कधी, बोटानं की ओटीपीनं तपासलं याची यादी दिसते. काल संध्याकाळच्या नोंदी तिथे असायला हव्यात, आणि ज्यांचा तुम्हाला काही पत्ता नाही अशा नसायला हव्यात.

चौथी पायरी : इंडेक्स टू आणि सगळ्यांना दिसणारं

दुय्यम निबंधकांनी तपासून दस्त नोंदवला की करारनामा आणि सूची क्रमांक दोन, म्हणजे दस्ताचा गोषवारा असलेला आपला इंडेक्स टू, डाउनलोड करता येतो. गॅस, बँक, ऑफिस, मुलांची शाळा, सगळीकडे हाच मागतात.

नव्या माणसाला इथेच खरा धक्का बसतो. नोंदणी कायदा, १९०८ च्या कलम ५७ प्रमाणे स्थावर मिळकतीच्या दस्तांचं पुस्तक आणि त्याची सूची कुणालाही फी भरून बघता येते, नक्कल मागता येते. कारण साधं आहे. घर विकत घेणाऱ्याला त्या घरावर कुणाचा हक्क आहे, कोण राहतंय हे कळलं पाहिजे, नाहीतर एकच फ्लॅट चार जणांना विकला जाईल. भाडेकरारही याच पुस्तकात जातो. इंटरनेटमुळे फरक एवढाच पडला की पूर्वी कचेरीत जाऊन वही उघडावी लागायची, आता वर्ष आणि मौजे टाकून घरबसल्या शोधता येतं. इंडेक्स टूमध्ये पक्षकारांचं नाव, वय, पत्ता, पिनकोड असतो आणि पॅनचा रकानाही असतो.

म्हणून करारात अनावश्यक काही लिहू नका. कलमं लिहिताना लोक फोन नंबर, ईमेल, बँक खात्याचा क्रमांक, एकदा तर मुलीच्या शाळेचं नावसुद्धा घालायला सांगतात. भाडं कोणत्या खात्यात भरायचं हे दोघांनी मेसेजवर ठरवता येतं. ते दस्तात कायमचं छापायची गरज नाही. ज्या बाईला आपला नवा पत्ता कुणापासून तरी लपवायचा आहे, अशी वेळ दोनदा माझ्यासमोर आली आहे. तिनं करार स्वतःच्या नावावर करण्याआधी वकिलाशी बोलावं, असं मी तेव्हा सांगितलं आणि आजही सांगीन. दस्त नोंदल्यावर पत्ता लपवता येत नाही.

पाचवी पायरी : पोलीस आणि सोसायटी

भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवण्याचा फॉर्म मालक ऑनलाइन भरू शकतो. कोणत्या पोलिसांकडे, हे आधी बघा. वाकड, हिंजवडी हा भाग २०१८ पासून पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयात आहे. कोथरूड, खराडी पुणे शहर पोलिसांकडे. नवीन मुलांचे फॉर्म चुकीच्या आयुक्तालयात भरले जातात आणि तीच माहिती दोन जागी जाऊन पडते.

सोसायटीला काय द्यायचं? इंडेक्स टूची प्रत आणि पोलिसांकडे माहिती दिल्याची पावती. बहुतेक सोसायट्यांचं एवढ्यावर भागतं. पूर्ण आधार मागितलं तर मास्क्ड द्या, आणि कोण ठेवणार, कुठे ठेवणार, हे नम्रपणे विचारा.

मी हे का सांगतो आहे? एकदा प्रिंट काढायला एका झेरॉक्सच्या दुकानात गेलो होतो. काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर डाउनलोडचं फोल्डर उघडंच होतं. आधारच्या पीडीएफ एकाखाली एक, किती आहेत ते स्क्रोल करून संपेना. त्यातली एक फाइल माझ्याच क्लायंटची होती, मीच त्याला "तिथून प्रिंट काढून आण" म्हणालो होतो. त्या रात्री मी माझ्या फोनची गॅलरी उघडली. माझ्या लेकीच्या फोटोंपेक्षा लोकांची आधार कार्डं जास्त होती. पहाटेपर्यंत बसून ती सगळी काढून टाकली. तेव्हापासून दस्त नोंदला की कागद मिटवायचे आणि क्लायंटला तसा मेसेज करायचा, हा नियम आहे.

दुकानातून प्रिंट काढायचीच असेल तर डिजीलॉकरमध्ये लॉगिन करून दुकानाच्या कॉम्प्युटरवर काही उतरवू नका. पेनड्राइव्हवर न्या किंवा समोर उभं राहून फाइल डिलीट करायला लावा, आणि रीसायकल बिनही रिकामी करायला लावा.

कायद्याचं थोडक्यात

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला दिला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि माहिती हाताळणाऱ्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. आपली माहिती बघण्याचा, चूक दुरुस्त करून घेण्याचा, पुसून टाकायला सांगण्याचा हक्क त्यात आहे. एक मेख लक्षात ठेवा: कायद्याच्या बंधनामुळे जी माहिती जाहीर झाली तिला हा कायदा लागू नाही. म्हणजे इंडेक्स टूमधला पत्ता त्याच्या बाहेर राहतो, पण ब्रोकरच्या, एजंटच्या किंवा खासगी पोर्टलच्या कॉम्प्युटरवर पडलेली तुमची कागदपत्रं त्याच्या आत येतात.

काही गडबड दिसली तर

खात्यातून न केलेला व्यवहार दिसला तर वेळ घालवू नका. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि बँकेला लेखी कळवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, चूक तुमची किंवा बँकेची नसताना तिसऱ्यानं केलेल्या फसवणुकीची खबर तीन कामकाजाच्या दिवसांत दिली तर तुमच्यावर भार येत नाही. आधारच्या यादीत अनोळखी नोंद दिसली तर १९४७ या आधारच्या हेल्पलाइनवर कळवा आणि बायोमेट्रिक लगेच लॉक करा. तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा.

अकरा महिन्यांनी

करार संपत आला की नूतनीकरणाची गडबड सुरू होते. तेव्हा एखादा एजंट अगदी प्रेमानं म्हणेल, "काही पाठवू नका हो, तुमचं मागच्या वर्षीचं सगळं आहे माझ्याकडे." हे ऐकायला सोयीचं वाटतं. त्याला सांगा, "दादा, ते आधी डिलीट करा, मी मास्क्ड आधार नव्यानं पाठवतो." घर सोडत असाल तर मालकालाही हाच मेसेज करा, आणि सोसायटीच्या ऑफिसात दिलेली झेरॉक्स परत मागून घ्या.